सालामांकातली मसुराची आमटी

स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाच्या जुन्या दरवाजासमोर आजही पर्यटक माना वर करून उभे होते, कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक शोधत. कुणी न दाखवता सापडला तर परीक्षेत पास, अशी इथली समजूत. १२१८ सालचं विद्यापीठ, पण पोरांची धाकधूक तीच!

दुपारचं जेवण अडीचला. घरमालकीणबाईंनी केली चक्क अख्ख्या मसुराची आमटी! बाकीच्यांच्यात चोरिझो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज), माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं. धुरावलेल्या मिरचीपुडीने रंग लालभडक, तिखटपणा मात्र नावालाही नाही. मग मी आईचा कांदा-लसूण मसाला काढला. बाईंनी चिमूटभर घातला, ठसका लागला, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि परत वाढून घेतलं.

रात्रीचं जेवण दहाला. तोवर पोटात कावळे ओरडणार, हे ठरलेलंच.