बारा ऑगस्ट आणि चंपाषष्ठी

इंग्रजांच्या जेवणाला नावं ठेवणं फार सोपं आहे. उकडलेले बटाटे, वर मीठ-मिरी, झालं जेवण, असं आपल्याकडे ज्याने लंडन पाहिलं नाही तोही ठामपणे सांगतो. मी निघालो तेव्हा घरच्यांनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ भरून दिलं ते याच काळजीने. पण मी जळगावात केटरिंग करतो. लग्नांच्या पंगती वाढण्यात आयुष्य गेलं. न चाखता दुसऱ्याच्या चुलीला नाव ठेवायचं नाही, हे मी आमच्या जुन्या आचाऱ्यांकडून शिकलोय. म्हणून भाच्याला फोनवरच सांगून ठेवलं होतं, "तिथलं इंडियन हॉटेल मला दाखवू नको. त्या लोकांचं स्वतःचं, जुनं आणि चांगलं जेवण जिथे मिळतं तिथे ने."

"मामा, मग रूल्स," तो म्हणाला.

कॉव्हेंट गार्डनच्या बाजूला मेडन लेन नावाची अरुंद गल्ली आहे, तिथे हे रेस्टॉरंट. थॉमस रूल या माणसाने १७९८ साली कालवं विकायला सुरुवात केली, तेव्हापासूनचं. लंडनमधलं सगळ्यात जुनं रेस्टॉरंट म्हणून ते ओळखलं जातं, आणि एवढ्या काळात मालकी फक्त तीन घराण्यांकडे राहिली. कादंबरीकार डिकन्स इथे जेवायला यायचा. १९७१ च्या सुमारास कॉव्हेंट गार्डनचा सगळा परिसर पाडून नव्याने बांधायचा घाट घातला गेला होता, त्यात हेही जाणार होतं. लोकांनी विरोध केला, कवी जॉन बेटजमन यांनी त्याच्या बाजूने लिहिलं, आणि ते वाचलं. शेजारच्या कॉव्हेंट गार्डनात १९७४ पर्यंत लंडनची घाऊक फळ-भाजी मंडई भरायची, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी तिथे थोडा वेळ उभाच राहिलो. केळीच्या मुलखातल्या माणसाला मंडईची जुनी जागा अशी ओलांडून जाता येत नाही.

आत तांबड्या गाद्यांच्या बैठका, भिंतीवर बोटभर जागा न सोडता लावलेली चित्रं, जुनी व्यंगचित्रं, हरणांची शिंगं. टेबलावर कडक इस्त्रीचा पांढरा कपडा. त्याच्यावरून मी हात फिरवून पाहिला. आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं की असा कपडा रोज दोन्ही वेळा घालायचा म्हणजे मागे धोब्याचं केवढं काम असतं.

बसल्या बसल्या वेटरला सांगितलं की आमच्यात गोमांस चालत नाही. इंग्रजी जेवणाचा मुकुटमणीच रोस्ट बीफ, तेव्हा मला वाटलं त्याच्या कपाळावर आठी येईल. तसं काही झालं नाही. त्याने मेनूवर बोट ठेवून काय चालेल ते एकेक दाखवलं, आणि मी न विचारताच सांगितलं की स्टेक अँड किडनी पुडिंग तर सोडाच, पण ज्यात 'सुएट' आहे ते सगळंच सोडा. सुएट म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. ती किसून पिठात मळतात आणि त्याची पारी वाफवतात. मला हे माहीत नव्हतं. पाहुण्याच्या पानात काय जाऊ नये याची काळजी वाढणाऱ्याने स्वतःहून घ्यावी, हे मी आमच्या पोरांना रोज सांगतो. तिथे ते बघायला मिळालं.

मी ग्राउस मागवला.

या पक्ष्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या उघड्या माळांवर हेदर नावाचं झुडूप माजतं, त्याचे कोंब खाऊन तो जगतो. कोंबडीसारखा पोल्ट्रीत वाढवता येत नाही, रानातच वाढतो. त्याची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि १० डिसेंबरला बंद. तितर १ सप्टेंबरपासून, फेझंट १ ऑक्टोबरपासून, असं प्रत्येकाचं ठरलेलं आहे. कायद्यानेच तारखा बांधलेल्या. मारलेला पक्षी काही दिवस तसाच टांगून ठेवतात, म्हणजे मांस मुरतं आणि वास चढतो. मेनूवर स्पष्ट छापलं होतं की शिकारीच्या पक्ष्यात छर्रा सापडू शकतो. आणि खरंच, दुसऱ्याच घासाला दाताखाली बारीक काहीतरी कट्टकन लागलं.

एका माणसाला एक अख्खा पक्षी. वरून तांबूस, सुरी घातली की आत गडद लालसर. पहिला घास कडवट लागतो, मग कलेजीचा वास, आणि गिळल्यावर जिभेवर एक रानटी चव बराच वेळ राहते. मसाला म्हणून काही नाही. सोबत ब्रेड सॉस होता: दुधात लवंगा टोचलेला कांदा मंद उकळायचा, तो काढून त्या दुधात पावाचा चुरा शिजवायचा. पांढरी, दाटसर, लवंगेचा फक्त भास असलेली खळ. एकटी खाल्ली तर लहान मुलाची पेज वाटेल. पण त्या कडवट मांसाबरोबर घेतली आणि मला समजलं की ती कशासाठी आहे. चव झाकायची नाही, तिला टेकू द्यायचा. मग आंबटगोड लाल बेरीची जेली, पातळ बटाट्याचे काप. शेवटी सफरचंदाचा क्रंबल आणि गरम कस्टर्ड. तोही चांगला होता, पण माझं मन ग्राउसमध्येच अडकलं होतं.

कारण आमच्याकडेही अशी एक तारीख आहे. चातुर्मासात वांगं खायचं नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मग आपण खायचं. तोवर थंडी पडलेली असते, यावल तालुक्यातल्या बामणोदकडची ती तळहातात न मावणारी हिरवट-पांढरी वांगी बाजारात येतात. शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर ती भाजायची, लाकडी बडजीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकर. देवाधर्माने घातलेला असो की कायद्याने, नियमामागचं शहाणपण एकच: ज्याची त्याची वेळ येऊ द्या.

आणि आज लग्नात काय चाललंय? मे महिन्यात भरीत. 'खान्देशी काउंटर' म्हणून गवताची खोटी झोपडी, बैलगाडीचं चाक, कंदील, पोराच्या डोक्याला फेटा, आणि भरीत संध्याकाळपासून गॅसवर शेफिंग डिशमध्ये घट्ट होत पडलेलं. मधली मोठी टेबलं पनीर, मंचुरियन आणि पास्त्याला. यजमान हेच मागतात, पैसे मोजून मागतात. आपली शेवभाजी, घोटलेली वांग्याची भाजी, वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी ही गंमत म्हणून चाखायची चीज झाली आहे. मला याचा मनापासून त्रास होतो. रूल्समध्ये कुणी शेतकऱ्याचा वेष करून उभं नव्हतं. रानातला पक्षी आणि पावाची खळ ही त्यांनी चांदीच्या चमच्यांसोबत, पांढऱ्या कपड्यावर, गंभीरपणे वाढली. आपल्या जेवणावर विश्वास असला की ते असं वाढता येतं.

त्या लोकांचा विश्वासही काही अखंड नव्हता, हेही खरं. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये तिथे रेशनिंग लागलं आणि युद्ध संपूनही चालू राहिलं. मांस मोकळं व्हायला १९५४ साल उजाडलं. चौदा वर्षं लोणी, मांस मोजून. एवढ्या काळात वाढलेल्या पोरांना आजीच्या हातची चव कुठून ठाऊक असणार? इंग्रजी जेवणाची जी बदनामी आपण ऐकतो तिचं बरंचसं मूळ मला तिथे दिसतं. अशा काळात जुन्या ठिकाणांनी धरून ठेवलं म्हणून आज पुन्हा लोक त्याकडे वळतात.

स्ट्रँड रस्त्यावरच्या सिम्पसन्सची गोष्टही भाच्याने सांगितली. १८२८ साली ते बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा अड्डा म्हणून सुरू झालं. खेळात व्यत्यय नको म्हणून मांसाचा मोठा तुकडा चांदीच्या झाकणाखाली चाकांच्या गाडीवरून थेट टेबलापाशी आणायचे, आणि कापणारा कारागीर पाहुण्यासमोर उभा राहून काप काढायचा. पाहुणे त्याच्या हातावर बक्षिसी ठेवायचे. मालकाच्या नाही, त्याच्या.

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आमच्या खापराच्या पोळ्या करणाऱ्या बाया आल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर ही पोळी हवीच. पुरण भरलेला गोळा दोन्ही तळव्यांवर, मनगटांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरतो, लाटणं नाही, पोळपाट नाही. कागदासारखी पातळ झाली की एका हालचालीत चुलीवरच्या पालथ्या खापरावर, म्हणजे मातीच्या भांड्यावर, टाकायची. एक तीळभर फाटत नाही. ही विद्या येणाऱ्या बाया मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ धुरात बसतात. जेवणाऱ्यांना त्या कधी दिसत नाहीत आणि मजुरी भांडी घासणाऱ्या माणसापेक्षा थोडीच जास्त.

परत आल्यावर जळगावात एक जागा पाहिली आहे, पहिला मजला, मोजकीच टेबलं बसतील. पांढरे कपडे घालणार. भरीत चंपाषष्ठीच्या आधी मिळणार नाही आणि थंडी सरली की बंद. उन्हाळ्यात खापराच्या पोळ्या, तेही जेवणाऱ्यांच्या समोर, दालनाच्या मध्यभागी चूल आणि धुरासाठी वर नीट चिमणी. बायको म्हणते, एवढ्या पैशाला भाकर कोण खाईल? मी म्हणतो, बघू. बडजी करायला सुताराकडे टाकली आहे. अडचण एकाच गोष्टीची आहे: खापरावर हात बसलेल्या बाया आता गावोगाव कमी होत चालल्या आहेत. यावल, रावेर, चोपडा भागात तुमच्या ओळखीत कुणी मावशी असतील तर कळवा. येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय मी करीन, मजुरीचा आकडा त्यांनी सांगायचा.