तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जेंटिनाच्या पानावरची जागा

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी विचारलंय. माझ्या लेकाचा 2014च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टिकरांचा अल्बम जवळजवळ भरलेला आहे, मग अर्जेंटिनाच्या पानावर संघाचा बिल्लाच कसा नाही? आणि लगेच सल्ला: ऑनलाइन मिळतो की, मागवून टाक. नणंदेने विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, कोल्हापूरहून आलेल्या मामांनी विचारलं. काहींना पुढे किंमतही हवी असते. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं, ते वाचलेले तर हटकून विचारतात. या अल्बमला काहीही किंमत येणार नाही. लाखो घरांत तो पडून आहे. तो विषय संपला.

ती जागा मात्र आळसाने राहिलेली नाही. मागवता येतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अल्बम काढणारी पानिनी कंपनी स्वतःच न मिळालेली स्टिकरं पुरवायची, पन्नासपर्यंत. नंबर कळवायचे, पैसे भरायचे. त्या उन्हाळ्यात इथे इंग्लंडमध्ये आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत शेवटची स्टिकरं तशीच आली. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण हिशोबच तसा आहे. अल्बमात 640 स्टिकरं, पाकिटात पाच. निम्मा अल्बम साधारण 90 पाकिटांत भरतो, आणि वाटतं आणखी तेवढीच आणली की झालं. पण कुणाशी काहीही न बदलता एकट्याने भरायला बसलात तर सरासरी 900 पाकिटं लागतात. तेव्हाच्या 50 पेन्सच्या भावाने 450 पौंड! शेवटच्या एका स्टिकरपायीच सरासरी 128 पाकिटं फोडावी लागतात. कंपनी मुद्दाम काही चित्रं कमी छापते, असा संशय पोरांना येतोच. जिनिव्हा विद्यापीठातल्या दोन गणितज्ञांनी 2010च्या अल्बमची हजारो स्टिकरं तपासून पाहिली. तसं काही निघालं नाही. सगळी चित्रं सारख्याच प्रमाणात निघतात. बदलायला भिडू नसला की अडतं.

इटलीत मोदेनाला पानिनी भावांचा वर्तमानपत्रांचा स्टॉल होता. 1960 मध्ये ज्युसेप्पे पानिनीच्या हाती मिलानच्या एका प्रकाशकाचा न खपलेला चित्रांचा माल लागला. त्याने तो छोट्या पाकिटांत भरला आणि तीस लाख पाकिटं विकली. पुढच्याच वर्षी भावांनी इटालियन लीगचा स्वतःचा अल्बम काढला. चित्रं नीट मिसळायला सुरुवातीला लोणी घुसळायचं यंत्र वापरायचे. मग त्यांच्यातल्या उंबेर्तोने फिफिमॅटिक नावाचं मशीनच बनवलं, एका पाकिटात तेच चित्र दोनदा येऊ नये म्हणून. वर्ल्ड कपचा पहिला अल्बम 1970चा, मेक्सिकोचा. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की पाकीट बंद असतं आणि आत तुला नको असलेलं जे निघतं ते दुसऱ्या कुणाला तरी हवं असतं. 1963-64च्या हंगामात अतालांता क्लबचा गोलरक्षक पिझाबाल्ला काही केल्या कुणाला सापडेना, तर सबंध इटलीतली पोरं त्याच्यासाठी एकमेकांच्या दारात गेली. घरबसल्या मागवता आला असता तर आज त्याचं नाव कुणाला आठवलं असतं?

आणि हे मला इंग्लंडने शिकवलेलं नाही. 1987च्या रिलायन्स वर्ल्ड कपच्या दिवसांत बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची. आमच्या पेठेत दुपारी ओट्यावर त्यांचा बाजार भरायचा. वडील तालमीकडून फुटबॉल खेळायचे, त्यामुळे घरात क्रिकेटपेक्षा शाहू स्टेडियमवरच्या मॅचचीच चर्चा. पण फुटबॉलवाल्यांची चित्रं कोल्हापुरात तेव्हा कुठली मिळायला? म्हणून लेकाने पहिलं पाकीट फोडलं तेव्हा त्याच्या जोडीने मीही जमिनीवर फतकल मारून बसले होते. त्याचं स्टिकर तिरपं लागू नये म्हणून कोपरा मी धरायची.

आता तो जून.

शाळेत सुट्टीत पोरं डबल, म्हणजे दोनदा आलेली स्टिकरं, घेऊन बसायची. लेकाने गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद फाडून त्यावर सगळे नंबर लिहिले होते. मिळालं की पेन्सिलीने काट. बदलून घेतलं असेल तर शेजारी बारीक अक्षरात, कोणाकडून आणि बदल्यात काय दिलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, हिशोबी स्वभावच तसा. अर्जेंटिनाच्या बिल्ल्याच्या, म्हणजे पोरांच्या भाषेत शायनीच्या, नंबरापुढे त्याच्या जवळच्या मित्राचं नाव होतं आणि तीन नंबर. त्यातला एक कोलंबियाचा हामेस रॉद्रिगेझ. पुढे त्याच हामेसने सहा गोल मारून गोल्डन बूट नेला, म्हणजे सौद्यात खोट असलीच तर ती माझ्या पोराला होती.

दोन दिवसांत तिसऱ्याच एका मुलाने तक्रार केली की माझी शायनी चोरीला गेली. बाईंनी लेकाचं दप्तर उघडलं. शायनी निघाली. मित्राला विचारलं तर तो म्हणाला, मी काही बदललं नाही.

मला कामावरून बोलावून घेतलं. उपमुख्याध्यापिकेच्या टेबलावर रबरबँड लावलेला डबलचा गठ्ठा होता आणि बाजूला एकटी ती शायनी. लेक खुर्चीत बसलेला, पाय जमिनीला न टेकणारे. मी तो कागद मागून घेतला आणि टेबलावर सरळ करून ठेवला. बोट ठेवून दाखवलं: हे बघा नाव, हे नंबर, हे तीन अजून त्या मुलाकडे असतील, विचारा. त्यांनी कागदाकडे मान वळवली नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, असं तर नंतरही लिहिता येतं. मग म्हणाल्या, आम्ही कुणालाही चोर म्हणत नाही आहोत, फक्त वस्तू ज्याची त्याला देतोय. आणि दिली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत स्टिकरं बंद झाली. त्याचं खापर पोरांनी कुणावर फोडलं असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

बाहेर गेटवर तक्रार करणाऱ्या मुलाची आई भेटली. 'स्टिकरच तर आहे,' असं म्हणाली. मला इंग्रजी येतं, भांडायलाही येतं, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. मित्राला दिलेले ते तीन कधी परत आले नाहीत. ते परत मागायचे तर आधी व्यवहार झाला होता हे मान्य करावं लागलं असतं.

रात्री नवरा म्हणाला, मागवून दे त्याला नवीन, पोर विसरेल. त्याचा हेतू चांगला होता. पण लेकाच्या कागदावर त्या नंबरापुढे मित्राचं नाव लिहिलेलं होतं. तिथे विकतची शायनी चिकटवायची म्हणजे तो कागद खोटा ठरवायचा. उपमुख्याध्यापिका जे बोलल्या ते आपणच घरी बसून करायचं. मी नाही म्हटलं.

माझा पोरगा खरं बोलत होता याचा पुरावा माझ्याकडे आजही नाही. मैदानावर मी नव्हते. मित्र घाबरून नाही म्हणाला असेल, किंवा ती शायनी मुळात त्यानेच उचललेली असेल, किंवा तिसऱ्याची वेगळीच शायनी कुठेतरी हरवली असेल. पंचवीस-तीस पोरांत तोच बिल्ला दोघातिघांकडे असणं काही अशक्य नाही, वर दिलेला हिशोब पुन्हा बघा. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि ठेवते. यापलीकडे मला सांगता येण्यासारखं काही नाही.

लेकाने त्यानंतर अल्बमला हात लावला नाही. बाकीची चित्रं मी भरली. टपालाने, ओळखीपाळखीतून, ग्रंथालयात दर शनिवारी बसणाऱ्या एका घोळक्यातून. त्यात निवृत्त लोक होते, बाबागाडी घेऊन आलेल्या आया होत्या. इराणचा गोलरक्षक मला सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी दिला आणि बदल्यात होंडुरासचा बचावपटू घेतला. दोन्ही हातांनी घेतला, कोपरा दुमडू नये म्हणून. त्या टेबलावर अर्जेंटिनाचा बिल्लाही दोनदा समोर आला. मी घेतला नाही.

इथेच माझं माझ्याशी पटत नाही. तेव्हाची मी म्हणायची, ती जागा साक्ष आहे, तशीच राहू दे. आताची मी विचारते, साक्ष कुणापुढे? ती शाळा सुटली, त्या बाई निवृत्त झाल्या, त्या मित्राचं आडनावही लेकाला पटकन आठवत नाही. घोळक्यात बदलून घेतला असता तर तो विकतचा ठरला नसता. माझ्याच नियमाने चालला असता. मग का नाही घेतला? खरं सांगायचं तर मला तो त्या मित्राकडूनच हवा होता, आणि ते होणार नाही हेही कळत होतं.

लेक आता विशीचा आहे. सुट्टीत आला तेव्हा मी हे सगळं त्याच्यापुढे मांडलं. तो म्हणाला, आई, मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की तू कागद टेबलावर ठेवलास. ती रिकामी जागा माझी नाही, तुझी आहे, भर किंवा भरू नको. मी म्हटलं, तुझीच आहे, अक्षर तुझं आहे. तो म्हणाला, मग मी सांगतो, मागव. मी म्हटलं, नाही. त्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला आणि जेवायची वेळ झाली.

तर मागवणार नाहीये. पुन्हा विचारलंत तरी उत्तर हेच मिळेल.