रुग्ण तुमचे कोण लागतात?

दारू सोडण्यासाठी मदत शोधू लागले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी मला पहिला प्रश्न एकच विचारला गेला : "रुग्ण तुमचे कोण लागतात? मिस्टर का?" नाशिकमधल्या एका केंद्राला फोन करून "रुग्ण मीच आहे," असे सांगितले, तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता पसरली आणि मग, आमच्याकडे बायकांना दाखल करून घेण्याची सोय नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी मी पुढचा फोन केला नाही. संध्याकाळी, कपाटातल्या रजयांमागे ठेवलेली बाटली काढून, रोजच्यासारखी स्टीलच्या पेल्यात ओतून घेतली.

मी इंदिरानगरला राहते आणि एका कर सल्लागारांच्या कार्यालयात हिशेब लिहिते. चार वर्षे मी लपून पीत होते. घरात हे फक्त माझ्या ताईला कळले होते आणि तीच मला जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने, डॉक्टरांना न विचारता, एका दिवसात दारू बंद करू नये. हातांचा थरकाप, घाम, झोप उडणे इथपासून सुरुवात होऊन पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकते. मला गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली गेली, आणि पहिले पाच दिवस ताई माझ्याच खोलीत झोपली. शरीर सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता दारू सोडणाऱ्यांचा, एकमेकांना आधार देणारा गट शोधा. गोळ्यांचे काम इथे संपते."

पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे, हे मला ठाऊक होते. परंतु मुलाचे दहावीचे वर्ष सोडून काही आठवडे बाहेर राहणे मला शक्य वाटेना. मला घरातून, नोकरी सांभाळून जाता येईल असे ठिकाण हवे होते. व्यसनमुक्तीच्या 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारणा केली आणि त्यातून, दोन-तीन फोन फिरून, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या एका सदस्याशी बोलणे झाले. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेला सगळे 'ए.ए.' म्हणतात. सदस्यत्वाला फी नाही, नोंदणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. त्या गृहस्थांनी मात्र "रुग्ण कोण?" असे विचारले नाही. "तुमची आजची तब्येत कशी आहे, ताई?" असे त्यांनी विचारले आणि एका महिला सदस्याला माझा क्रमांक देऊ का, याची परवानगी मागितली.

सभा नाशिक रोडला, एका शाळेच्या वर्गात भरत असे. पहिल्या बुधवारी मी सिटीलिंकच्या बसने बिटको चौकापर्यंत गेले, शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले, आणि आत बसलेल्यांत कोणी ओळखीचे निघाले तर मुलाच्या शाळेपर्यंत बातमी जाईल, या भीतीने परत फिरले. रात्री त्या महिला सदस्याचा फोन आला. रागावणे नाही, समजूत घालणे नाही. पुढच्या बुधवारी मी फाटकाबाहेर थांबते, एवढेच त्या बोलल्या, आणि खरोखरच थांबल्या.

वर्गात चौदा पुरुष होते आणि आम्ही दोघी. आपल्याकडे नाव सांगितले की लगेच आडनाव आणि गाव विचारले जाते. इथे ते कोणीच विचारले नाही, आणि त्या एका गोष्टीने माझे खांदे सैल झाले. ज्याला बोलायचे तो आपले नाव सांगून 'मी अल्कोहोलिक आहे' असे म्हणतो आणि स्वतःचा अनुभव मांडतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. एक निवृत्त कामगार म्हणाले की दहाव्या पेल्याने माणूस बुडतो असे ते समजत होते, पण त्यांना बुडवले ते पहिल्याने. खर्चासाठी डबा फिरला, तेव्हा नवीन माणसाने काही टाकायचे नसते, असे शेजारच्याने हळूच सांगितले. त्या दिवशी मी फक्त नाव सांगितले. 'अल्कोहोलिक' हा शब्द माझ्या तोंडून चौथ्या सभेत निघाला.

तिसऱ्या महिन्यात, सासरच्या एका लग्नाहून परतल्यावर, मी पुन्हा प्यायले. गटात हे सांगणे मला सर्वांत कठीण गेले. मी सांगितले, आणि कोणीतरी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. सभा पुढे चालू राहिली.

आपल्या गावात गट शोधणाऱ्या बहिणींनी फोनवर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : सभा खुली आहे की फक्त सदस्यांसाठी, महिला सदस्य नियमित येतात का, आणि एखाद्या महिलेशी आधी बोलता येईल का. मार्गदर्शक म्हणून स्त्रीला स्त्रीच असावी, अशी ए.ए.मध्ये रीत आहे. जवळपास कोणी नसेल तर ऑनलाइन भरणाऱ्या महिलांच्या सभांतून ती मिळू शकते. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. माझ्या पतींना मी आता सर्व सांगितले आहे. ते अजून तिथे गेलेले नाहीत.

बुधवारी मी कार्यालयातून अर्धा तास लवकर निघते. साहेबांनी कारण विचारले नाही. ताई मात्र दर बुधवारी रात्री नऊला फोन करते, आणि मी घरी पोहोचले आहे एवढे ऐकून ठेवून देते.