घरं सारखीच, मग आकारणी आमचीच जास्त का?

घरपट्टी जास्त आली म्हणून भांडायला जाणारे बरेच लोक तिथे जाऊन एकच सांगतात, "एवढा टॅक्स आम्हाला परवडत नाही." समोरचा माणूस शांतपणे ऐकून घेतो, कारण कराचा दर काही तो ठरवत नाही. त्याच्या हातात असते ती आकारणी, कर लावण्यासाठी तुमच्या घराचं धरलेलं मूल्य. म्हणजे हरकत घ्यायची ती त्या आकड्यावर, बिलावर चिडून काही उपयोग नाही.

बरं, त्या आकड्यावर पण दोन प्रकारे बोट ठेवता येतं. एक तर म्हणायचं की बाजारात माझ्या घराला एवढा भाव येणारच नाही. नाहीतर म्हणायचं की भावाचं राहू दे, पण अगदी माझ्यासारखीच घरं शेजारी आहेत आणि त्यांना कमी धरलंय. आमचं प्रकरण दुसऱ्यातलं. एकाच बिल्डरने एकाच वेळी बांधलेली घरं, फक्त आम्ही आमचं खूप नंतर घेतलं, त्यामुळे आमची आकारणी खरेदीच्या किमतीवरून झाली आणि बाकीच्यांची जुन्याच आकड्यात थोडी थोडी भर घालत चाललेली. सुनावणीत साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः एवढे पैसे मोजलेत ना, मग मूल्य चुकलं कुठे?" मी म्हटलं चुकलंय असं आमचं म्हणणंच नाही, शेजारच्यांना वेगळा हिशोब का तेवढं सांगा.

हे भांडण काही नवीन नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधल्या एका काउंटीत नुकत्याच विकल्या गेलेल्या कोळशाच्या जमिनींची आकारणी विक्रीच्या किमतीवरून व्हायची आणि न विकलेल्या जमिनींना जुन्या आकड्यावर किरकोळ वाढ, आणि त्यात फरक पडला किती, तर ८ ते ३५ पट! १९८९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे समान वागणुकीच्या हक्काविरुद्ध ठरवलं. पण लगेच खूश होऊ नका. कॅलिफोर्नियात १९७८ पासून नियमच असा आहे की खरेदीच्या वेळचं मूल्य धरायचं आणि नंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढवायचं, आणि १९९२ मध्ये त्याच कोर्टाने ते चालवून घेतलं. म्हणून आधी आपल्याकडचा नियम वाचा. फरक नियमातूनच येत असेल तर शेजाऱ्याचा आकडा दाखवून काही होत नाही.

आता खरं काम, म्हणजे तुलनेची घरं निवडणं. इथे बरेच जण माती खातात. सगळ्यात कमी आकारणीची घरं शोधून आणतात आणि त्यातलं एक निम्म्या आकाराचं, दुसरं पडायला आलेलं. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, मजले, जागा, वापर, एवढं तरी जुळायला हवं. मग मूल्याला क्षेत्रफळाने भागून दर चौरस फुटाचा आकडा काढायचा. समजा पाच घरांचे आकडे ४०, ४१, ४३, ४४ आणि ६० आले आणि तुमचा ५२ आहे. सरासरी काढली तर ती ६० मुळे वर ओढली जाते, ४५.६ येते, पण रांगेतला मधला आकडा ४३ च. टेक्सासच्या कायद्यात तर असा मधला आकडाच धरायला सांगितलाय, मात्र घराघरातले फरक वजा-जमा करून. म्हणजे शेजाऱ्याकडे जास्तीचं बाथरूम असेल तर ते मोजा, लपवू नका.

आमच्या तक्त्यात एक घर आमच्यापेक्षाही जास्त आकारणीचं होतं. काढून टाकू असं घरात ठरत होतं, मी ठेवलं. साहेबांचं पेन बरोबर त्याच ओळीवर जाऊन थांबलं. मी सांगितलं की हे आमच्या विरोधात जातं, कोपऱ्यावरचं आहे, तरी ठेवलंय. त्यानंतर बाकीच्या ओळी त्यांनी भराभर वाचल्या.

आणि हो, शेजारी! तुमची हरकत म्हणजे आमचा कर वाढणार, अशी कुजबुज होतेच. नेब्रास्कात एका पूल कंपनीने हेच भांडण केलं होतं. तिच्या पुलाची आकारणी पूर्ण किमतीवर, बाकीच्यांची ५५ टक्क्यांवर. तिथलं राज्याचं कोर्ट म्हणालं, मग बाकीच्यांची वाढवून घ्या. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, कारण एकटा माणूस सगळ्या गावाची आकारणी वाढवून आणू शकत नाही, त्याची स्वतःचीच कमी व्हायला हवी. मी हे शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांना पूल कुठला याचीच जास्त उत्सुकता. असो.

हरकतीची मुदत मात्र सगळीकडे कडक असते, नोटीस आली की आधी तारीख बघा. सुनावणी चालू आहे म्हणून बिल थांबवायचं नाही, व्याज आणि दंड लागू शकतो, हरकत कायम ठेवून भरता येतं का ते विचारून घ्यायचं. आमचा आकडा खाली आला, अगदी शेजाऱ्यांइतका नाही पण बराच. आता तो लेखी आदेश जपून ठेवलाय, कारण पुढच्या वर्षी परत जुनाच आकडा छापून आला तर तोच कागद घेऊन जायचंय.