तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीतल्या भुलेत स्टिरॉइड का नाही?

नागपुरात भूल देताना सिझरच्या आधी हा प्रश्न मला नेहमी येतो. मेयो आणि मेडिकल या इथल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांत शिकणारी मुलंही विचारतात. परवा एक आई लेकीची फाइल छातीशी धरून म्हणाली, "मॅडम, पाठीतल्या इंजेक्शनात स्टिरॉइड टाकलं तं टाके उशिरा दुखतात म्हणे. मग तुम्ही काहून नाही टाकत?"

तिनं ऐकलं ते खोटं नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड भुलेच्या औषधात मिसळल्यावर आराम जास्त वेळ टिकला, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. तरी मी ते पाठीतून देत नाही.

त्याची २ मिलीची कुपी उजेडात धरून वाचावी. शिरेतून किंवा स्नायूत द्यायचं, एवढंच त्यावर असतं. मणक्याचं नाव नसतं. खाली बारीक अक्षरांत पुष्कळदा पॅराबेन दिसतं, औषध टिकावं म्हणून घातलेलं. शिरेत गेलेलं औषध सगळ्या रक्तात पातळ होतं. मणक्यातल्या पाण्यात मात्र नसांची मुळं उघडी असतात आणि आत सोडलेलं परत काढता येत नाही. तिथं मी २ मिलीच्या आसपास ब्युपिव्हकेन हे बधिर करणारं औषध आणि किंचित फेंटॅनिल हे वेदनाशामक सोडते. ऑपरेशनला ते पुरतं. दुखणं थोडं पुढं ढकलायला धडधाकट पोरीच्या नसा मी पणाला लावणार नाही.

डेक्सा मी देते, पण शिरेतून. उलट्या कमी होतात, दुखणंही जरा हलकं होतं. मधुमेह असेल तर साखर चढते, तेव्हा हात आखडता घेते.

आणि हो, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होणार असेल तेव्हा बाळाच्या फुप्फुसांसाठी जे स्टिरॉइड देतात, ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, असे ४ डोस, ते स्नायूत जातं. त्याचा भुलेशी संबंध नाही.

खरं दुखणं वॉर्डात सुरू होतं. पॅरासिटामॉल आणि चालत असेल तर डायक्लोफेनॅक, कळ यायची वाट न बघता ठरल्या वेळी मिळालं, की बाळंतीण उठून बसते, बाळाला नीट घेते. रात्री नेमकी हीच वेळ चुकते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या आईला मी म्हटलं, "सिस्टरला पुढच्या गोळीची वेळ विचारून ठेवा. लेक 'राहू दे, आता नाही दुखत' म्हणाली, तरी द्यायला लावा."