जुन्या सी-१० पिकअपला कोणतं एलएस इंजिन घ्यावं

१९६७ ते १९७२ मधली शेव्हरोले सी-१० पिकअप घेतली की आज ना उद्या जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-८, म्हणजे एलएस घराण्यातलं इंजिन बसवायचा विषय निघतोच. मग चर्चा हॉर्सपॉवरवर जाते. ती बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या भंगार यार्डात नुसतं इंजिन स्वस्त मिळतं. खिसा रिकामा होतो तो नंतर हार्नेस (वायरिंगचा जुडगा), कॉम्प्युटर, थ्रॉटल, पेडल, ब्रॅकेट असं एकेक गोळा करताना. म्हणून यार्डवाल्याला आधी विचारायचं की इंजिनासोबत काय काय देतोस.

माझ्या मते पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने १९९९ ते २००७ मधल्या शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअप किंवा टाहो एसयूव्हीतलं ५.३ लिटर एलएम७ घ्यावं. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेड आणि सालाप्रमाणे २७० ते २९५ हॉर्सपॉवर. संख्येने इतकी बनली की एखादं खराब निघालं तरी दुसरं सहज सापडतं. ४.८ लिटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच, फक्त स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९२ ऐवजी ८३ मिलिमीटर, त्यामुळे कमी आरपीएमचा टॉर्क कमी. किमतीत फारसा फरक नसेल तर ते का घ्यावं? ६ लिटरचं एलक्यू४ दमदार आहे, पण लोकांना ते माहीत असल्याने भावही तसाच सांगतात. २००५ ते २००७ चं ॲल्युमिनियम ब्लॉकचं एल३३ मिळालं तर भाग्य समजा : ३१० हॉर्सपॉवर आणि वजन साधारण ४५ किलोने कमी.

विक्रेता तोंडाने काय म्हणतो त्यापेक्षा ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या चॅसी नंबरचं आठवं अक्षर बघा. टी म्हणजे एलएम७, झेड म्हणजे तेच ५.३ पण इथेनॉलवरही चालणारं, व्ही म्हणजे ४.८, यू म्हणजे एलक्यू४, एन म्हणजे ६ लिटरचंच दुसरं, एलक्यू९, बी म्हणजे एल३३.

२००७ साल फसवं आहे. त्या वर्षी जुन्या बॉडीची ‘क्लासिक’ सिल्व्हराडोही विकली गेली आणि नव्या बॉडीचीही. नव्या बॉडीतल्या बहुतेक ५.३ इंजिनांत हलक्या लोडवर १, ४, ६ आणि ७ नंबरचे सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा आहे. तिचे खास लिफ्टर (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) अडकतात किंवा बसतात, आणि तसंच चालवलं तर कॅमशाफ्टचा लोब (उंचवटा) खरवडला जातो. लिफ्टर बदलायला दोन्ही हेड उतरवावी लागतात. साधे लिफ्टर, नवा कॅम, वरचं कव्हर, गॅस्केट, ट्यूनिंग (कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) एवढं करेपर्यंत स्वस्त इंजिनाची स्वस्ताई संपते. ओळखायला सोपं : एलएसच्या जुन्या पिढीत कॅम सेन्सर ब्लॉकच्या मागच्या टोकाला आणि नॉक सेन्सर इनटेकखाली असतात, नव्या पिढीत कॅम सेन्सर पुढे टायमिंग कव्हरवर आणि नॉक सेन्सर ब्लॉकच्या कुशीला. क्रँकच्या चक्राला जुन्यात २४ खुणा, नव्यात ५८. त्यामुळे एकाचा कॉम्प्युटर दुसऱ्याला थेट चालत नाही.

आता तपासणी. इंजिन जमिनीवर असलं तरी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते, बघता येतं, कारण एलएसचा स्टार्टर ब्लॉकलाच बसतो. फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे लागणारी दातेरी चकती) लावलेलं हवं एवढंच. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा. कंपनीचा निकष असा की सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांखाली नको आणि कुठलाही सिलिंडर १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली नको. व्यवहारात आठही आकडे एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं. एक टॅपेट कव्हर उघडायला सांगा. हेडवर ७०६ नंबर असेल आणि आत कॅस्टेक फाउंड्रीची खूण दिसली तर सावध व्हा. ही हेड टॅपेट कव्हरच्या आत तडकतात. बाहेर थेंबही दिसत नाही, कूलंट कमी होत जातं आणि तेलात उतरतं. ८६२ नंबरच्या हेडला हा जाच नाही.

चालू इंजिन ऐकायला मिळालं तर थंड असतानाची ठकठक आणि टिकटिक वेगळी करा. गरम होताच जाणारी ठकठक बहुधा पिस्टनची असते आणि ती या इंजिनांत जुनीच. टिकटिक मात्र अनेकदा लिफ्टरची नसतेच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सर्वांत मागचा बोल्ट तुटलेला असतो आणि तिथून गॅस निसटतो. तुटका बोल्ट हेडमधून काढायचा तर इंजिन बाहेर असतानाच काढा, गाडीत बसल्यावर तिथे ड्रिल पोचत नाही. गरम इंजिनाला १००० आरपीएमला किमान ६ आणि २००० ला १८ पीएसआय ऑइल प्रेशर हवंच. कमी दिसलं तर बेअरिंगला दोष देण्याआधी चेंबरमधून तेल ओढणाऱ्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग (रबरी कडी) आठवा. ती कडक झाली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

हार्नेस कापलेला असेल तर किंमत पाडा. २००२ पर्यंतच्या बहुतेक ट्रकांत थ्रॉटल केबलवर चालतं. २००३ पासून इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक घेतलं तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि त्यामधलं कंट्रोल मॉड्यूल एकाच गाडीतलं उचला. कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी नोंद ट्यूनरकडून बंद करून घ्या, नाहीतर इंजिन लागेल आणि लगेच बंद पडेल.

सी-१०मध्ये बसवताना अडतं ते खालच्या बाजूला. ट्रकचं ऑइल चेंबर क्रॉसमेंबरला भिडतं किंवा खाली लोंबतं. १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोचं चेंबर, नाहीतर बाजारात मिळणारं खास स्वॅपचं चेंबर लावतात. त्यासोबत त्याचीच पिकअप ट्यूब, विंडेज ट्रे (क्रँकखालचा पत्रा) आणि डिपस्टिक लागते. मूळ जागचा एसी कॉम्प्रेसर खाली उजवीकडे असतो आणि चॅसीला आपटतो. चॅसी कापण्यापेक्षा तो वर नेणारं ब्रॅकेट घ्या.

सी-१०चा जुनाच टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठेवणार असाल तर एक गोष्ट सोडू नका. एलएसच्या क्रँकचं मागचं तोंड शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ पेक्षा ०.४ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर पुढे असतं. मधे स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. स्पेसर न टाकता टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) ओढून बसवला तर त्याच्या टोकाला आधार राहत नाही. फ्लेक्सप्लेट तडकतं आणि गिअरबॉक्सचा पंप जातो. इंजिनासोबत ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला तर तोच बसवा. मात्र मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी, मागचा क्रॉसमेंबर आणि स्पीडोमीटर तिन्ही पुन्हा जुळवावे लागतात, कारण जुना मीटर केबलवर फिरतो आणि हा गिअरबॉक्स विजेचा सिग्नल देतो.

इंधनाचा दाब कार्ब्युरेटरला ५-७ पीएसआय पुरतो, एलएसच्या इंजेक्शनला ५८ लागतो. १९९९ ते २००४ च्या कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच रेग्युलेटर असतो. तो टाकीजवळ लावून तिथूनच परतीची नळी टाकीत न्या. या गाडीची टाकी केबिनमध्ये सीटमागे असल्याने इथे काटकसर नको. पंप टाकीच्या आत आणि पाइप इंजेक्शनच्या दाबाचाच घ्या. हेडवरच्या वाफेच्या बारीक नळ्या बुजवू नका. त्या रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडल्या नाहीत तर हेडमध्ये हवा अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असतानाही हेड तापतं.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही, म्हणून सी-१०ची ही पिढी तिथे सोयीची. भारतात असलं काही करण्याच्या विचारात असलेल्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. आरटीओच्या आगाऊ मंजुरीशिवाय इंजिन बदलता येत नाही.

पहिल्यांदा लावण्याआधी तेल चढवायला जुन्या शेव्हरोलेसारखं डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने पंप फिरवायची सोय इथे नाही, पंप थेट क्रँकवर आहे. प्लग काढा, इंधन आणि इग्निशनचे फ्यूज काढा आणि १०-१० सेकंद स्टार्टर मारत प्रेशरचा काटा बघा. तीन-चार वेळात काटा हलला नाही तर थांबा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या गॅलरी प्लगमधून (ब्लॉकमधल्या तेलवाहिनीचं तोंड) दाबाने तेल भरा, मग पुन्हा.