तांदळातलं नाव

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, कारण १९५३ साली याच तारखेला करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले. आमच्याकडे त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी संक्रांत. त्यामुळे सभागृहात माणसं कमी आणि तिळगूळ जास्त, हे दरवर्षीचंच.

मी पलटणीत क्लार्क होतो. आता साताऱ्यात माजी सैनिकांच्या एका संघटनेच्या कचेरीत बसतो, काम तेच. त्या वर्षी खासदारांचा सत्कार ठरला होता. पेन्शन आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या प्रश्नांवर ते दिल्लीत सतत बोलत आले होते. मानपत्र लिहायचं काम माझ्याच गळ्यात. अध्यक्ष सुभेदार मेजरसाहेबांना ‘सैनिकांचे कैवारी’ वगैरे हवं होतं. मला वाटत होतं, कामाचं काहीतरी लिहावं. ‘समान हुद्दा, समान सेवा, तर पेन्शनही समान, मग निवृत्ती कधीची का असेना’ ही ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी राज्यसभेच्या याचिका समितीनं भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०११ मध्ये उचलून धरली. घोषणा व्हायला ५ सप्टेंबर २०१५ उजाडला, लागू झाली १ जुलै २०१४ पासून. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत, पण विधवांना एकरकमी. हे मी लिहिलं, साहेबांनी खोडलं. मानपत्रात आकडे शोभत नाहीत म्हणे. कैवारी राहिले.

अकराच्या सुमारास हार, शाली मोजत होतो, तेवढ्यात एक आजी दारात. हातात दुधाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळी कागदपत्रं. मालक नाईक या हुद्द्यावरून सुटलेले, आठ महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून पेन्शन बंद, फॅमिली पेन्शन सुरू नाही, आणि ती नाही म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. साखरेचं दुखणं. इन्सुलिन पदरचे पैसे घालून.

मी डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटताना मिळणारं नोंदपुस्तक उघडलं. बायकोचं नाव सुशीला. आधारवर यमुना. (दोन्ही नावं मी इथं बदलली आहेत.)

“आजी, सुशीला कोण?”

आजी एकदम लाजल्या. पंचाहत्तरीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मीच की. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. घरात कुणी त्या नावानं हाक मारली नाही. सासूबाई यमीच म्हणायच्या. ह्यांनीसुद्धा फक्त पत्रावर लिहिलं.”

पिशवीच्या तळाशी तीन आंतर्देशीय पत्रं होती, घडीवर फाटायला आलेली. पत्त्यावर निळ्या शाईत ‘सौ. सुशीला’. भरतीनंतर लग्न झालं तेव्हा नाईकांनी युनिटला तेच कळवलेलं. रेशनकार्डावर मात्र सासऱ्यांनी घरातलं नाव घातलं, आणि तेच पुढं आधारपर्यंत आलं. चूक तरी कुणाची म्हणायची!

एवढ्यात खासदार आले. वेळेत आले, याचंच आम्हाला नवल. अध्यक्षांनी आजींना मागं बसायची खूण केली, पण त्यांची पिशवी टेबलावरच, शालींच्या शेजारी. खासदारांनी विचारलं, हे काय? मी दोन वाक्यांत सांगितलं.

“मी पत्र देतो.”

“साहेब, पत्र द्या, पण त्यानं नाव जुळत नाही,” मी बोलून गेलो. अध्यक्षांचे डोळे मोठे झाले. खासदार मात्र खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मग कशानं जुळतं?”

दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, मग सगळं बेळगावला, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे. सुशीलाबाईंची यमुनाबाई झाली अशा किती फायली तुमच्याकडे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी कपाटाकडे बोट दाखवलं. त्यांनी सहायकाला यादी करून घ्यायला सांगितलं. ती मी आठवड्यात दिली. पुढं तिचं काय करतात, ते बघतोय.

सत्कार झाला. ‘कैवारी’ला टाळ्या पडल्या. मी मागच्या खोलीत अर्ज लिहीत होतो. कोरा कागद सापडेना, म्हणून कच्चा मसुदा मानपत्राच्याच खोडलेल्या प्रतीच्या पाठीवर. पलीकडे थकबाकीचे हप्ते, अलीकडे आजींचा अर्ज.

आजींनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या.

“भाऊ, सही कुठल्या नावानं करू?”

“आधारवरच्या. पण सुशीला लिहून दाखवा, येतं का?”

त्यांनी समासात लिहिलं. ‘शी’ चुकला, तो पुन्हा गिरवला.